थेट रानातनं भाजी मागवायची तर आधी तोड्याचा वार विचारा

ताई, तुमचं सगळं वाचलं. गेल्या दिवाळीत पुण्याहून टाकाळ्याला राहायला आलाय, घरात पाच माणसं, त्यात दोन पोरं आणि सासूबाई, आणि कोल्हापुरात येऊन पण प्लास्टिकात गुंडाळलेली भाजी कशाला खायची म्हणून एका व्हॉट्सॲप ग्रुपवरनं ‘थेट शेतातनं’ म्हणणाऱ्याकडं ऑर्डर टाकली. नऊ वस्तू लिहिल्या, आल्या पाच, भेंडीच्या जागी दोडका आला, आणि बिल मंडईपेक्षा वर. तर हे असंच असतं का आपल्याला कुणी उल्लू बनवलं, खरा शेतकरी गाठायचा कसा, सेंद्रिय म्हणतात त्यात खरं किती, आणि पाच माणसांना किती मागवायचं, असं तुमचं विचारणं आहे.

आधी तर कोल्हापुरात कुणी भाजीबद्दल एवढं लांबलचक विचारतंय ह्याचंच मला बरं वाटलं. इथं बुधवार-रविवार तांबडा-पांढरा, आणि मधले दिवस कसेतरी काढायचे म्हणून भाजी, अशी आमची ख्याती. आता श्रावण आहे म्हणून जरा भाव आलाय आम्हाला.

मी कोण, तर भोगावती नदीकाठी पंचवीस गुंठ्यात माळवं, म्हंजे भाजीपाला करणारी बाई. नऊ वर्षं झाली, माझं आणि आमच्याच भागातल्या अकरा जणांचं माळवं गोळा करून आठवड्यातनं दोनदा कोल्हापुरात साठ-पासष्ट घरी पोचवते. म्हंजे तुमचा वैताग ज्याच्यावर आहे त्याच्याच जागेवर मी बसलेय, तेव्हा थोडी त्याची बाजू घेऊन बोलीन, तेवढं वजा करून वाचा.

नवाच्या पाच आल्या म्हणून लगेच तो माणूस लबाड ठरत नाही. दुकानात माल आधी येतो आणि गिऱ्हाईक मागनं. आमच्यात उलटं असतं. तुम्ही मंगळवारी रात्री नऊला ‘भेंडी एक किलो’ टाईप करता तेव्हा ती भेंडी झाडावर असते, आणि बुधवारी पहाटे ती तोडायला आलीय, का अजून करंगळीएवढीच आहे, का दोन दिवस पाऊस लागून राहिला म्हणून तोडा चुकून निब्बर झालीय, हे मलाच पहाटे कळतं. भेंडी एक दिवसाआड तोडायला लागते. गवारीचा तोडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी, वांग्याचा चार-पाच दिवसांनी, दोडका आणि काकडी वेलावर एक दिवस जास्त राहिली की आतनं बी धरते. मेथी, पोकळा, कोथमीर तर एकदाच, उपटली की वाफा रिकामा, परत पेरा आणि महिनाभर वाट बघा. मोठ्या व्यापाऱ्याकडं पाच गावचा माल असतो म्हणून त्याच्याकडं रोज सगळं मिळतं, माझ्याकडं वांग्याचं एकच रान आहे, त्याचा तोडा सोमवारी झाला की बुधवारी वांगी मागून काय उपयोग.

म्हणून कुठल्याही ग्रुपला पहिल्यांदा भाव विचारू नका. तोडा कुठल्या वारी असतो आणि ऑर्डर किती वाजता बंद होते ते विचारा. ज्याला हे पटकन सांगता येत नाही, किंवा जो ‘कधीपण सांगा मॅडम, सगळं मिळेल’ म्हणतो, त्याच्याकडं रान नाही, त्याच्याकडं फक्त टेम्पो आहे. टेम्पोवाला वाईट असतो असं नाही हां, पण मग ती मार्केट यार्डातली भाजी आहे, ती यार्डाच्या भावानंच घ्यावी.

माझ्याकडं ऑर्डर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बाराला बंद होते. लोक चिडतात, एवढ्या लवकर कशाला. तर बारा ते एक मी अकरा जणांना फोन लावते, तुझ्याकडनं पोकळा तीस पेंड्या, तुझ्याकडनं दोडका नऊ किलो, तुझी शेपू ह्या वेळी नको. मग उन्हं कलली की बायका वाफ्यात बसतात आणि सांगितलेली तेवढीच पेंडी उपटतात, मुळांची माती झटकून बांधतात आणि ओल्या बारदानाखाली ठेवतात. भर दुपारी उपटलेली मेथी तासात माना टाकते, संध्याकाळची सकाळपर्यंत ताठ राहते. पावसाळ्यात मात्र ओलीच पेंडी रात्रभर ठेवली की मधनं सडते, म्हणून आता श्रावणात पालेभाजी पण पहाटेच काढतो. फळभाज्या तर कायम पहाटेच. आता तुम्ही रात्री नऊला मेसेज टाकून ‘दोन मेथी वाढवा’ म्हटलं तर त्या दोन पेंड्या कुणाच्यातरी ऑर्डरमधनंच निघणार, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई तुमच्यासारखाच लांबलचक प्रश्न लिहिणार.

यादी लिहायची माझी पद्धत सांगते. वस्तूचं नाव न लिहिता जात लिहायची. दोन पालेभाज्या, दोन वेलीवरच्या, एक शेंगेची, एक तुमच्या मनानं. आणि खाली ‘नको’ची यादी. ही ‘नको’ची यादी सगळ्यात कामाची, आणि तीच कुणी लिहीत नाही. पोरं कारलं खात नाहीत, सासूबाईंना वांगं बाधतं, शेपूचा वास नको, हे एकदा लिहून दिलं की वर्षभर मला डोकं लावायला लागत नाही आणि तुम्हाला भेंडीच्या जागी दोडका बघून राग येत नाही. भेंडी नसेल तर काय चालेल हे तुम्ही सांगितलंच नव्हतं ना, मग त्यानं त्याच्या मनानं दोडका टाकला.

पण त्यानं टाकताना फोन केला नाही ही त्याची चूकच. बदली द्यायची तर आदल्या रात्री सांगायचं, हा साधा धर्म आहे. तो पाळत नसेल तर सोडा त्याला.

आता माझीच एक फजिती सांगते. दुसरं वर्ष होतं, मी जोरात होते, भोगीला सत्तर घरांची ऑर्डर घेतली. भोगीची भाजी म्हंजे वरण्याच्या शेंगा, वांगी, गाजर, ओला हरभरा, कांदापात सगळंच पाहिजे. आदल्या आठवड्यात ढगाळ हवा पडली आणि वरण्यावर मावा आला, शेंगा चिकट काळ्या. ज्याचं रान होतं तो म्हणाला, ह्यातली एक पाटी पण देऊ नकोस. मी काय केलं, गपगुमान पहाटे यार्डात जाऊन एक पोतं वरणा आणि शंभरभर पेंड्या कांदापात आणली आणि आमच्याच म्हणून वाटली. राजारामपुरीत एक वयस्कर काकू आहेत, त्यांनी पिशवीतनं कांदापातीची पेंडी काढली, उलटी-सुलटी केली आणि मला म्हणाल्या, ‘तुमच्या रानात रबर कधीपासनं पिकायला लागलं गं?’ आमची पेंडी केळीच्या सोपटानं, म्हंजे खोडाच्या सालीनं बांधलेली असते, यार्डातनं आणलेल्या त्या पेंड्यांना रबर होतं. दारातच उभी होते, पाय हलेनात. त्यांनी भाजी परत केली नाही, पैसे पण दिले, आणि पुढचे तीन महिने ऑर्डर टाकली नाही. तेव्हापासनं माझ्या यादीत बाहेरच्या वस्तूपुढं ‘बाहेरचं’ असं लिहिलेलं असतं. कांदा, बटाटा, लसूण, आलं तर वर्षभर बाहेरचंच असतं. तुम्ही पण विचारा, ह्यातलं बाहेरचं काय काय आहे. उत्तर ‘काही नाही’ आलं तर जरा जपून.

शेतकरी गाठायला व्हॉट्सॲपच पाहिजे असं नाही. लक्ष्मीपुरीचा रविवारचा आठवडी बाजार आहे, कपिलतीर्थ मंडई आहे, तुमच्या जवळ राजारामपुरीची मंडई आहे. पेठ वडगावचा सोमवारचा बाजार लांब पडेल, पण एकदा हौस म्हणून जाऊन या. ह्या सगळ्या ठिकाणी व्यापारी आणि शेतकरी शेजारी-शेजारी बसतात, ओळखायचं कसं तर त्यांच्या पुढ्यात बघून. ज्याच्यापुढं वीस जातीची भाजी रांगेत लावलीय तो विकत घेऊन विकतोय. जिच्यापुढं एका बुट्टीत दोडका, पाच-सहा लिंबं, चार पेंड्या पोकळा आणि एखादा वेडावाकडा भोपळा असलं काहीतरी विजोड आहे, ती बहुतेक रानातनं आलेली. तिचा माल एका मापाचा नसतो, वांगी लहान-मोठी, काकडी वाकडी. वजनाला वैतागून ती वाटे करून विकते. ती मंडईच्या कडेला बसते, कारण आतली जागा तिची नाही, आणि लवकर उठते कारण तिला एसटी गाठायची असते, आमच्या राधानगरी-गगनबावड्याकडच्या बायका रंकाळा स्टँडकडं पळतात. सकाळी आठच्या आत जा. दोन-तीन रविवार त्याच बाईकडनं घ्या, मग तीच म्हणेल, ‘पुढच्या वारी अळू आणते तुमच्यासाठी.’ तिचा नंबर घ्या. माझी निम्मी गिऱ्हाईकं अशीच झालीत, व्हॉट्सॲप ग्रुप नंतर आला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, जेव्हा बाजारच बंद पडले आणि लोकांना आमची आठवण झाली.

आणि एक, वाट्याला घासाघीस करू नका. दहाच्या वाट्याचा आठ करून मागणारी माणसं पुढं जाऊन कॉफी दोनशेला पितात, आम्ही बघत असतो.

दुधाचं तुम्ही विचारलं नाही पण सांगते, पोरं लहान आहेत म्हणून. गंगावेशीत संध्याकाळी कट्ट्यावर जा, गवळी म्हैस घेऊन उभे असतात, तुमच्यासमोर धार काढून पेला हातात देतात. पंढरपुरी म्हैस, लांब तलवारीसारखी शिंगं, गर्दीत, गाड्यांच्या आवाजात पण शांत उभी राहते आणि थोडं-थोडं करून पान्हा सोडते, म्हणून तर हे जमतं, दुसऱ्या जातीची म्हैस तिथं बिथरेल. तिथं उभं राहून धारोष्ण पिणं ही कोल्हापूरची जुनी रीत, पैलवानांपासनं सगळे पितात. पण माझं मत विचाराल तर पोरांना घरी आणून उकळूनच द्या. कच्च्या दुधातनं जनावराचे आजार माणसाला लागतात, आणि उकळल्यानं त्याचा ताजेपणा काय जात नाही.

आता पैशाचं. थेट घेतलं म्हंजे स्वस्त पडायला पाहिजे हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो आमच्याच लोकांनी पसरवलाय, ‘मधला दलाल काढा, निम्म्यात घ्या’ असले बोर्ड लावून. दलाल काढला तरी त्याचं काम कुठं जातं? भाजी गोळा करायची, निवडायची, वजन करायचं, पेट्रोल घालून तुमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवायची, ते काम मीच करते. आधी आम्ही माल यार्डात घालायचो तर पट्टीतनं, म्हंजे विक्रीच्या बिलातनं, अडत (दलाली), हमाली, तोलाई कापून हातात काय यायचं ते यायचं. २०१६ साली सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातनं मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याकडनं न घेता खरेदीदाराकडनं घ्यायची असं ठरवलं. पणन मंडळानं संत सावता माळींच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार पण त्याच साली सुरू केले, पुण्यात तुम्ही बघितले असतील. चांगलंच झालं ते, पण यार्डात मेथीची आवक वाढली की पेंडी पाच रुपयाला पण कुणी उचलत नाही आणि शेतकरी ट्रॅक्टर फिरवतो, हे काही थांबलं नाही.

मी म्हणून भाव तीन-तीन महिन्यांसाठी बांधते. पालेभाजीची कुठलीही पेंडी एकच दर, फळभाजीचे दोन दर, बस. माघ-फाल्गुनात मंडईत मेथी मातीमोल झाली की माझी पेंडी महाग दिसते. पितृपक्षात गवार, भोपळा, कारली, भेंडी सगळ्यांचे भाव आभाळाला टेकतात तेव्हा माझी गवार आहे त्याच भावाला मिळते. वर्षाचा हिशोब घातला तर मंडईच्या आसपासच पडतं, थोडं वरच. पण माणसं काय करतात, पितृपक्षात ‘ताई आम्हाला पण ग्रुपला घ्या’ आणि जानेवारीत ‘सध्या नको, बाहेरगावी आहोत’. साठातली पंधरा घरं दरवर्षी जानेवारीत बाहेरगावी असतात! एकदा त्यातल्याच एक बाई मला लक्ष्मीपुरीत मेथी घेताना समोरासमोर भेटल्या. दोघींनी पण एकमेकींना बघितलं नाही असं दाखवलं.

पोकळा पेरताना मला माहीत पाहिजे की तीस दिवसांनी तो खाणारं कुणीतरी आहे, एवढंच असतं हो. म्हणून मी महिन्याचे पैसे आधी घेते. नवीन माणसाला हे खटकतं, आणि अनोळखी माणसाला महिन्याचे पैसे देऊ पण नका, पहिल्या चार वेळा रोख किंवा माल बघून गूगल पे करा, पटलं तरच पुढं. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या बायकांनी शेतकऱ्यांशी असाच करार सुरू केला, तेईकेई म्हणतात त्याला, पुढं अमेरिकेत पण असलीच पद्धत आली, हंगामाचे पैसे आधी द्यायचे आणि पीक बुडालं तर नुकसान दोघांचं. आपल्याकडं एवढी छाती कुणाची नाही, मी पण मागत नाही. माझ्यात माल आला नाही तर पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात.

सेंद्रिय. इथं जरा निवांत वाचा, कारण चार शब्द एकमेकांत मिसळून विकले जातात. जवारी म्हंजे आपल्याकडचं जुनं, गावठी बी. जवारी काकडी, जवारी कोथमीर, जवारी मिरची. त्याला वास असतो, चव असते, पण जवारी आहे म्हणून त्यावर औषध मारलं नाही असं अजिबात नाही. ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’ हे शब्द कुणीही लिहितो. सेंद्रिय म्हणायला मात्र कायद्यानं दाखला लागतो, एक तर बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र, नाहीतर पीजीएस म्हणून पद्धत आहे, त्यात कमीतकमी पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची रानं तपासतो. पाकिटावर सेंद्रियचा सरकारी लोगो असतो तो ह्या दोन्हीतल्या एकाचा. लहान शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाईकाला विकत असेल आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर त्याला दाखल्यातनं सूट आहे, पण मग तो लोगो वापरता येत नाही. म्हंजे आमच्यासारख्याकडं कागद नसला तरी तो खोटंच बोलतोय असं नाही, आणि खरंच बोलतोय असं पण नाही.

मग विचारायचं काय? ‘सेंद्रिय आहे का?’ विचारलं की ‘हो’ येणारच. ‘ह्या वांग्यावर शेवटची फवारणी कधी केली आणि कशाची?’ असं विचारा. वांगं असं पीक आहे की शेंडे-फळं पोखरणारी अळी त्याला सोडतच नाही, काहीच मारलं नाही म्हणणाऱ्याच्या पाटीत किडकी वांगी दिसायलाच पाहिजेत. नसतील तर प्रश्न आहे. माझं सांगायचं तर मी निंबोळी अर्क मारते, पिवळे चिकट सापळे लावते, किडे वासानं ओढणारे कामगंध सापळे लावते, पण पावसाळ्यात टोमॅटोवर करपा आला की एक-दोन वेळा बुरशीनाशक मारते आणि तसं यादीत लिहिते, डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय तोडत नाही. त्यामुळं मी सेंद्रियवाली नाही. काही गिऱ्हाईकं ह्यावरनं सोडून गेली, एवढं खरं सांगायची काय गरज होती असं घरचे म्हणतात. फ्लॉवर, कोबी तर मी पावसाळ्यात लावतच नाही, त्या दिवसात त्यावर जेवढं मारायला लागतं ते मला बघवत नाही, तुम्ही पण थंडी पडेपर्यंत थांबा.

महिन्याप्रमाणं काय मागवायचं हे तुम्हाला दोन-चार महिन्यांत आपोआप कळेल. आता श्रावणात वेलीवरचं सगळं, अळू, पोकळा, आणि रानभाज्या. टाकळा, कुर्डू, भारंगी, पाथरी, मोरशेंड, गगनबावडा-शाहूवाडी-राधानगरीकडच्या बायका आणतात, कृषी खातं ऑगस्टात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतं तिथं जाऊन आधी ओळख करून घ्या, फोटो बघून स्वतः तोडायला जाऊ नका. थंडीत चाकवत, हरभऱ्याची भाजी, करडई, आंबटचुका, आणि कृष्णाकाठची वांगी, नृसिंहवाडी-शिरोळकडची, त्या वांग्याला मसाला भरला की दुसरं काही लागत नाही. सासूबाईंना बाधतं म्हणालात, पण एकदा विचारून बघा.

वर्षाच्या तीन वस्तू मात्र थेटच घ्या, कारण त्यात फसवणूक जास्त. पहिला आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, २०१६ ला त्याला जीआय, म्हंजे त्या भागाच्या मालाची सरकारी नोंद मिळाली आणि तेव्हापासनं कुठलाही बारीक सुवासिक तांदूळ घनसाळ झाला. भात दिवाळीच्या मागंपुढं कापतात, तेव्हाच ओळखीतनं सांगून ठेवायचं, आणि आणल्या-आणल्या शिजवू नका, नवा तांदूळ चिकट होतो, चार-सहा महिने मुरू द्या. दुसरी चटणीची मिरची, गडहिंग्लजकडं संकेश्वरी जवारी मिळते, जानेवारी-फेब्रुवारीत, रंगाला ब्याडगी लागतेच थोडी.

तिसरा गूळ. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय पण मिळालं, एवढं असून इथल्याच माणसाला चांगला गूळ मिळेना ही गंमत आहे. कारण गिऱ्हाईकाला पिवळाधमक गूळ पाहिजे. काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात, ती जुनी रीत. पण तेवढ्यानं रंग पिवळाधमक होत नाही, मग हायड्रॉस घालतात, सोडियमचं असतं ते, गूळ लखलखीत पिवळा करतं. तो पिवळेपणा महिन्या-दोन महिन्यांत उतरतो पण. दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात, एखाद्या रविवारी पोरांना घेऊन पन्हाळा रस्त्याला किंवा कागलकडं जा, गुऱ्हाळावर बसा, काकवी चाखा, आणि गुऱ्हाळवाल्याला सांगा, ‘आमच्या रव्यात (ढेपेत) पावडर नको, काळा झाला तरी चालेल.’ आधी तो तुमच्याकडं संशयानं बघेल, मग करून देईल. पाच-दहा किलोचा रवा घ्या, फोडून स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवा, पावसाळ्यात उघडा राहिला की पाझरतो.

पावसाळ्याचं अजून एक. जुलै-ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, तुम्हाला आता पेपरातनं पाठ होईलच. ३९ च्या आधीच आमच्याकडचे बंधारे पाण्याखाली जातात आणि आम्हाला लांबनं वळसा पडतो, त्यामुळं त्या आठवड्यात ऑर्डर येईलच असं धरू नका. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत माझं रान आठवडाभर पाण्यात होतं, पाणी उतरलं तेव्हा दोडक्याचा मांडव होता आणि त्यावर फक्त चिखल वाळत घातल्यासारखा. तेव्हा घरात भोपळा, सुरण, कडधान्य, कांदे-बटाटे असं आठवड्याचं ठेवायचंच, कोल्हापूरकर ठेवतात.

माल घरी आला की पहिल्यांदा पेंड्या सोडा, सोपट-रबर काहीही असो, बांधलेली भाजी आतनं तापते. धुवून ठेवू नका, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि करायच्या वेळी वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवा. टोमॅटो, भोपळा, बटाटा बाहेर. पालेभाजी त्याच दिवशी-दुसऱ्या दिवशी संपवा, मग वेलीवरचं, भोपळा शेवटी. बुधवारी आलेली मेथी शनिवारी काढून ‘पिवळी पडली’ असा फोटो टाकू नका, शनिवारी आम्ही पण पिवळे पडलेलो असतो.

पाच माणसांना, डबे धरून, आठवड्यातनं दोनदा घेणार असाल तर एका वेळी तीन पेंड्या पालेभाजी, चार जातीची फळभाजी अर्धा-अर्धा किलो, एक काकडी-टोमॅटोचं काहीतरी आणि कोथमीर, एवढं बास. पहिला महिना आठवड्यातनं एकदाच घ्या, बाकीचं मंडईतनं. सगळंच एकदम बदलायला गेलात तर पंधरा दिवसांत कंटाळा येईल, पोरं दोडका बघून पळतील आणि दोष माझ्यावर येईल.

आता तुमचं शेवटचं. सासूबाईंना वरणा खायचाय आणि मंडईत आत्ता मिळाला नाही म्हणालात. आत्ता मिळणार नाही, त्याचे वेल अजून कंबरेएवढे पण नाहीत. संक्रांतीच्या आधी फोन करा, पण भोगीच्या आदल्या दिवशी नको, डिसेंबरातच सांगून ठेवा, आणि ढगाळ हवा पडली तर नाही मिळायचा हे पण त्यांना आत्ताच सांगून ठेवा. ह्या शुक्रवारच्या यादीत दोडका, काकडी, पोकळा, अळू आणि थोडी भेंडी आहे, बाराच्या आत कळवा, ‘नको’ची यादी सोबत.